इच्छा, हट्ट आणि असमर्थता : अन्न नाकारणाऱ्या तीन पात्रांचे पुनर्वाचन

प्रस्तावना

अन्न नाकारणारे पात्र साहित्याला नवे नाही. व्रतस्थ, विरागी, रुसलेला, सत्याग्रही अशा अनेक रूपांत ते भेटते. या सर्व रूपांत एक गृहीतक समान आहे. जेवण नाकारणे ही इच्छेची कृती आहे. माणूस खाऊ शकतो, पण खात नाही, असे वाचक मानून चालतो. त्यामुळे अशा पात्राचे मूल्यमापन नैतिक भाषेत होते. इच्छा उदात्त असेल तर ते तप ठरते, क्षुद्र असेल तर हट्ट ठरतो.

मनोविकारशास्त्राने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या एका निदानसंज्ञेने या गृहीतकापुढे प्रश्नचिन्ह उभे केले आहे. ‘अव्हॉइडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर’, संक्षेपाने ‘आरफिड’, ही ती संज्ञा होय. मराठीत तिला ‘अन्न टाळण्याचा व आहार मर्यादित करण्याचा विकार’ असे म्हणता येईल. या संज्ञेच्या प्रकाशात तीन साहित्यकृतींचे पुनर्वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हाइनरिख हॉफमान यांची ‘सुपन-कास्पर’ ही बालकविता (१८४५), रसेल होबन यांची ‘ब्रेड अँड जॅम फॉर फ्रान्सिस’ ही बालकथा (१९६४) आणि फ्रान्झ काफ्का यांची ‘आइन हुंगरक्युन्स्टलर’ ही कथा (१९२२) अशा या कृती आहेत. पात्रांना रोगी ठरविणे हे या वाचनाचे प्रयोजन नाही. न खाण्याचे कारण कोण विचारतो, कोण विचारत नाही आणि उत्तर मिळाल्यावर त्याचे काय होते, हे तपासणे हे प्रयोजन आहे. या क्रमाने जाण्यासाठी येथे काफ्काची कथा कालक्रम सोडून शेवटी घेतली आहे.

संज्ञेची पार्श्वभूमी

अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत (१९९४) शैशव व बाल्यावस्थेतील आहारविकार असा एक वर्ग होता. वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी सुरुवात होणे ही त्याची अट होती. सहा वर्षांनंतर सुरू होणारा किंवा प्रौढपणी दिसणारा असा त्रास त्या चौकटीत बसत नसे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने वयाची अट काढून टाकली आणि आरफिड हा वर्ग निर्माण केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही, म्हणजे २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणात, त्याचा समावेश आहे.

या विकाराची तीन प्रमुख रूपे सांगितली जातात. पहिल्यात खाण्याविषयी रसच नसतो. भुकेची जाणीव मंद असते. दुसऱ्यात अन्नाचा पोत, वास, रंग, चव किंवा तापमान असह्य होते. तिसऱ्यात घास अडकेल, उलटी होईल, पोट दुखेल अशी भीती असते. बहुधा एखाद्या प्रत्यक्ष अनुभवानंतर ती बसते. ही रूपे एकाच व्यक्तीत एकत्रही आढळतात. केवळ आवडनिवड असणे म्हणजे आरफिड नव्हे. वजनात लक्षणीय घट किंवा मुलांच्या बाबतीत वाढ खुंटणे, पोषक द्रव्यांची गंभीर कमतरता, नळीवाटे दिलेल्या आहारावर किंवा पूरक आहारावर अवलंबून राहणे, अथवा सामाजिक जीवनात ठळक अडथळा येणे, यांपैकी किमान एक परिणाम असावा लागतो.

या व्याख्येतील वगळण्याच्या अटी साहित्याच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाच्या वाटाव्यात. अन्नाची अनुपलब्धता किंवा समाजमान्य धार्मिक-सांस्कृतिक प्रथा यांनी न खाण्याचा उलगडा होत असेल तर हे निदान लागू होत नाही. स्वतःच्या वजनाविषयी वा देहाकृतीविषयी विकृत धारणा असेल, तरीही ते लागू होत नाही. तो प्रांत ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’चा. १८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल आणि पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी स्वतंत्रपणे ज्या अवस्थेचे वर्णन केले, तिच्याभोवती पुढे कृश होण्याच्या इच्छेची आणि लठ्ठपणाच्या भीतीची कल्पना उभी राहिली. आरफिडच्या व्याख्येत दारिद्र्य, व्रत आणि कृशतेची इच्छा ही तिन्ही परिचित कारणे बाजूला काढल्यावर जे उरते, त्याला नाव दिलेले आहे. ते उरणारे म्हणजे असमर्थता.

कास्पर : न विचारलेले कारण

हॉफमान हे फ्रँकफर्टचे डॉक्टर. १८४४ च्या नाताळात तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक घ्यायला गेले असता त्यांना उपदेशाने भरलेली कंटाळवाणी पुस्तकेच दिसली. म्हणून त्यांनी कोरी वही आणली आणि स्वतःच चित्रे काढून पद्ये लिहिली. ही वही १८४५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने जगभर गेली. पुढे १८५१ पासून हॉफमान फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

कास्पर हा गुटगुटीत, निरोगी मुलगा. रोज शहाण्यासारखा सूप पिणारा. एके दिवशी तो अचानक सूप नको म्हणून ओरडतो. दुसऱ्या दिवशी वाळतो, तिसऱ्या दिवशी अशक्त होतो, चौथ्या दिवशी सुतासारखा होऊन त्याचे वजन अर्धे लोट, म्हणजे जेमतेम काही ग्रॅम उरते आणि पाचव्या दिवशी तो मरतो. शेवटच्या चित्रात त्याच्या थडग्यावर सूपचे भांडे आहे.

या रचनेत नकार आहे, परिणाम आहे, पण कारण नाही. कास्परला सूप का नको, हा प्रश्न कवितेत कोणीही विचारत नाही. एका डॉक्टरने लिहिलेल्या कवितेत प्रकृतीच्या ऱ्हासाची दिवसागणिक नोंद आहे. रुग्णाला विचारावयाचा पहिला प्रश्न मात्र नाही. या कवितेत ॲनोरेक्सियाचे आरंभीचे चित्रण पाहणारे वाचन झालेले आहे. अचानक सुरू झालेल्या नकारामुळे कोणी आरफिडच्या तिसऱ्या रूपाकडेही बोट दाखवील. परंतु संहितेत घशात काही अडकल्याचा किंवा भीतीचा उल्लेख नाही, तसाच देहाकृतीच्या चिंतेचाही नाही. दोन्ही निदाने संहितेच्या मौनात बाहेरून भरलेली ठरतात.

येथे एक आक्षेप संभवतो. ही अतिशयोक्ती विनोदी आहे, उपदेशपर बालसाहित्याचे ते विडंबन आहे, तेव्हा तिच्याकडून कारणाची अपेक्षा का करावी? आक्षेपात तथ्य आहे. पाच दिवसांत धडधाकट मुलाचा धागा होणे हे व्यंगचित्राचे तर्कशास्त्र आहे. तथापि कृतीचा हेतू आणि तिचे सामाजिक आयुष्य यांत अंतर पडते. जर्मन भाषेत ‘सुपनकास्पर’ हा शब्द जेवणात खळखळ करणाऱ्या मुलासाठी रूढ झाला. विनोद मागे पडला आणि मुलाला लावायचे नाव शिल्लक राहिले.

फ्रान्सिस : दिलेले, पण न ऐकलेले कारण

होबन यांच्या कथेत कारण प्रथमच पात्राच्या तोंडून येते. फ्रान्सिस ही बिज्जूच्या जातीची छोटी मुलगी. तिला पाव आणि जॅम एवढेच हवे असते. अंड्याचे निसटते रूप तिला रुचत नाही. घरून दिलेले चिकन सॅलडचे सँडविच ती शाळेत मित्राला देऊन त्याच्याकडून पाव-जॅम घेते. नवे चाखून पाहिलेच नाही तर आवडेल की नाही हे कसे कळणार, असा वडीलधाऱ्यांचा युक्तिवाद आहे. फ्रान्सिसचे उत्तर साधे आहे : पाव-जॅम खाताना आपल्याला काय मिळणार हे आधीच ठाऊक असते आणि त्याने नेहमी समाधान होते.

हे उत्तर बालसुलभ असले तरी हलके नाही. अंड्याचे वर्णन ती पोताच्या भाषेत करते आणि पाव-जॅमचे समर्थन खात्रीच्या भाषेत. संवेदनांच्या पातळीवर अन्न टाळणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ‘सुरक्षित’ पदार्थांची जी यादी असते, तिचा गाभा हाच आहे. फळ प्रत्येक वेळी वेगळे लागते, भाजीची फोड कधी कच्ची कधी मऊ निघते. ठरावीक पावाचा तुकडा मात्र दगा देत नाही.

परंतु कथा हे उत्तर नोंदविते आणि पुढे जाते. आई-वडील रागावत नाहीत, मारत नाहीत. फ्रान्सिसला प्रत्येक जेवणात फक्त पाव-जॅमच देऊ लागतात. काही जेवणांनंतर इतरांच्या ताटातील स्पॅगेटी आणि मांसाचे गोळे पाहून ती रडू लागते आणि आपल्यालाही तेच मागते. आपल्याला देऊनच पाहिले नाही तर आपल्याला काय आवडेल हे कसे कळणार, असा वडीलधाऱ्यांचाच युक्तिवाद ती उलटविते. कथेची ही खुबी दाद देण्यासारखी आहे. ताटावर जबरदस्ती न करणारे हे पालक कास्परच्या जगापासून खूप पुढे आले आहेत.

तरीही या शेवटाचा पाया एका गृहीतकावर आहे : एकसुरीपणाचा कंटाळा येतोच. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ते खरे आहे आणि फ्रान्सिस त्या बहुसंख्यांपैकीच आहे. ज्या मुलाला एकसुरीपणातच सुरक्षितता वाटते, ते मात्र महिनोन्‌महिने पाव-जॅम खात राहील आणि त्याच्या शरीरात लोह वा जीवनसत्त्वे कमी पडत जातील. डॉ. स्यूस यांच्या ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ (१९६०) या अवघ्या पन्नास शब्दांच्या भांडवलावर रचलेल्या पुस्तकाचा शेवटही असाच आहे : चाखले आणि आवडले. एका स्वभावाच्या मुलाची गोष्ट अशा पुस्तकांतून सर्व मुलांसाठी नियम होऊन बसते.

मराठी वाचकाला हा नियम परका नाही. ‘भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा’ ही म्हण तोच सांगते. खरी भूक लागली की चवीचे चोचले उरत नाहीत, हा या म्हणीचा आशय टंचाईच्या अनुभवातून आला आहे आणि त्या अनुभवापुरता तो सत्य आहे. मात्र भूक मंद असलेल्या किंवा घासाने घसा आवळून येणाऱ्या व्यक्तीला ती म्हण लावली की तिचे शहाणपण शिक्षेत बदलते. आरफिडमध्ये उपाशी ठेवल्याने आहार विस्तारेल याची शाश्वती नसते.

हंगर आर्टिस्ट : ऐकलेले, पण न मानलेले कारण

काफ्काची कथा ऑक्टोबर १९२२ मध्ये ‘दी नॉय रुंडशाउ’ या नियतकालिकात आली आणि १९२४ मध्ये चार कथांच्या संग्रहाची शीर्षककथा झाली. पैसे घेऊन उपाशी राहण्याचे प्रयोग करणारे लोक युरोप-अमेरिकेत खरोखर होते. हेन्री टॅनर यांनी १८८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये चाळीस दिवस अन्न वर्ज्य केले होते. जोव्हानी सुच्ची हा इटालियन उपाशी राहण्याचे खेळ करीत युरोपभर गाजला होता. कथेतील नायक या परंपरेतला आहे. तो पिंजऱ्यात बसतो. त्याच्यावर पाळत ठेवायला बहुधा खाटीक नेमलेले असतात. व्यवस्थापकाने चाळीस दिवसांची मर्यादा घालून दिलेली असते, कारण त्यापुढे लोकांचा उत्साह टिकत नाही.

कथेतील समाजाजवळ या माणसाविषयी दोनच तर्क आहेत. एक, हा विलक्षण संयमी आहे. दोन, हा लबाड आहे, चोरून खातो. पहिला तर्क प्रेक्षकांचा, दुसरा पहारेकऱ्यांचा. दोन्ही तर्कांत खाण्याची इच्छा गृहीत आहे. पहिल्यात ती जिंकलेली आहे, दुसऱ्यात लपविलेली. निवेदक मात्र मध्येच सांगून जातो की उपाशी राहणे किती सोपे आहे हे फक्त त्या कलावंतालाच ठाऊक होते. चाळिसाव्या दिवशी त्याच्यासमोर जेवण ठेवले जाते तेव्हा त्याच्या नुसत्या कल्पनेने त्याला मळमळते. हे तपशील संयमाच्या वर्णनात बसत नाहीत. सोप्या गोष्टीसाठी संयम लागत नाही.

पुढे लोकांची आवड बदलते. कलावंत सर्कशीत जनावरांच्या पिंजऱ्यांच्या वाटेवर येऊन पडतो आणि विसरला जातो. अखेरीस गवतात सापडलेला तो देखरेख करणाऱ्याला सांगतो की आपले कौतुक करू नये. उपाशी राहण्यावाचून आपल्याला गत्यंतर नव्हते, कारण आवडेल असे अन्न आपल्याला कधी सापडलेच नाही. सापडले असते तर कोणताही गाजावाजा न करता आपणही सर्वांसारखे पोटभर जेवलो असतो. या कबुलीने कथेतील दोन्ही तर्क एकाच वेळी कोसळतात. तो तपस्वीही नव्हता आणि लबाडही नव्हता.

या कथेची समीक्षा विपुल आहे. तिला कलावंताच्या एकाकीपणाचे रूपक म्हणून वाचण्याची परंपरा जुनी आहे. मॉड एलमन यांनी ‘द हंगर आर्टिस्ट्स’ (१९९३) या ग्रंथात भूक, लेखन आणि बंदिवास यांचे नाते मांडताना याच शीर्षकाचा आधार घेतला. १९८७ मध्ये मानफ्रेड फिश्टर या मनोविकारतज्ज्ञांनी तर प्रत्यक्ष काफ्कालाच ॲनोरेक्सिया असल्याची मांडणी केली. लेखकाच्या बाबतीत ती मांडणी काहीही असो, कथेच्या नायकाला ती लागू पडत नाही. या नायकाला लठ्ठपणाची भीती नाही. कृशता हे त्याचे ध्येय नाही, तो परिणाम आहे. आवडणारे अन्नच नसणे हे त्याने दिलेले कारण आरफिडच्या व्याख्येच्या अधिक जवळ आहे. ती व्याख्या अस्तित्वात येण्यापूर्वी एक्याण्णव वर्षे काफ्काने न खाण्याचा इच्छेशी असलेला संबंध तोडून दाखविला होता.

येथे थांबणे मात्र योग्य होणार नाही. कथेत या निष्कर्षाला छेद देणाऱ्याही गोष्टी आहेत. कलावंताला चाळीस दिवसांची मर्यादा अन्यायकारक वाटते. आपण सर्वकाळातील श्रेष्ठ उपवासी ठरावे ही त्याची आकांक्षा आहे. मरतानाही उपवास चालूच ठेवण्याचा निर्धार त्याच्या डोळ्यांत उरतो, फक्त अभिमान सरलेला असतो. असमर्थतेवर त्याने कर्तृत्वाचे घर बांधले होते. निदान हे त्या घराचा पाया दाखविते. घर समजून घेण्यासाठी कथाच वाचावी लागते.

आणखी एक तपशील निर्णायक आहे. कलावंत बोलू लागताच देखरेख करणारा आपल्या कपाळाला बोट लावून सोबतच्या नोकरांना त्याच्या अवस्थेची खूण करतो आणि तोंडाने मात्र क्षमा केल्याचे सांगतो. कथेतील पहिले ‘निदान’ हे आहे. ते कबुलीच्या आधी झालेले असल्यामुळे कबुली कानावर पडूनही तिचा काही उपयोग होत नाही. त्यानंतर पिंजऱ्यात तरुण पँथर येतो आणि त्याला आवडणारे अन्न पहारेकरी फारसा विचार न करता आणून देतात. जनावराची आवड ओळखणे त्यांना सहज जमते. माणसाची आवड विचारण्याचे त्यांना कधी सुचलेले नसते.

मराठी शब्दांची अडचण

काफ्काच्या शीर्षकातील ‘हुंगर’ म्हणजे भूक. त्यासाठी मराठीत ‘उपवास’ वा ‘उपोषण’ शब्द योजला की कथा सुरू होण्याआधीच वाचक व्रताच्या किंवा सत्याग्रहाच्या परिसरात पोहोचतो. एकादशी, चातुर्मास, जैन परंपरेतील सल्लेखना, १९३२ चे येरवड्यातील गांधीजींचे उपोषण या सर्वांचे संस्कार त्या शब्दांवर आहेत. शेवटची कबुली मग व्रतभंगासारखी वाटते. ‘भुकेचा कलावंत’ ही काहीशी ओबडधोबड रचना अर्थाला अधिक प्रामाणिक राहील.

इच्छापूर्वक न खाण्यासाठी मराठीत आदराचे शब्द भरपूर आहेत : उपवास, उपोषण, अन्नत्याग, लंघन, प्रायोपवेशन. खाता न येण्यासाठी रोजच्या बोलण्यात उरतात ते नखरे, चोचले, खोडी, लाड. आयुर्वेदातील ‘अरोचक’ ही संज्ञा येथे अपवाद ठरते. अन्नाविषयीच्या अरुचीला तेथे व्याधीचा दर्जा असून शोक, भय यांसारखी मानसिक कारणेही मानलेली आहेत. ‘अरोचक’ आणि आरफिड एकच आहेत असे म्हणणे धाडसाचे होईल. पण न खाण्यामागे दोष न पाहता कारण पाहण्याची भाषा या परंपरेत होती, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

कुपोषणाचा प्रश्न ज्या समाजात आजही तीव्र आहे, तेथे अशा निदानाची चर्चा सुखवस्तूंची चैन वाटू शकते. व्याख्येनेच अन्नाच्या अभावाला या वर्गातून वेगळे काढले आहे. तो प्रश्न शासनाच्या आणि अर्थव्यवस्थेच्या उत्तरदायित्वाचा आहे. मात्र गरीब घरातील मूलही पोतामुळे वा भीतीमुळे अन्न टाळू शकते आणि त्याच्याकडे पर्यायी ‘सुरक्षित’ पदार्थ नसल्यामुळे त्याची हानी अधिक होण्याचा संभव असतो. महाविद्यालयीन वयातही हा प्रश्न संपत नाही. वसतिगृहाची मेस, सहल, पंगत टाळणारा विद्यार्थी माणूसघाणा किंवा गर्विष्ठ समजला जातो. सामाजिक जीवनातील अडथळा हा निदानाचा एक निकष आहे. तो अडथळा घडविण्यात आजूबाजूच्यांच्या शेऱ्यांचाही वाटा असू शकतो.

निष्कर्ष

१. तिन्ही कृतींत न खाण्याच्या कारणाचा प्रवास दिसतो. ‘सुपन-कास्पर’मध्ये कारण विचारले जात नाही, ‘फ्रान्सिस’मध्ये ते सांगितले जाते, पण कथेचा शेवट त्याची दखल घेत नाही, काफ्काच्या कथेत ते उच्चारले जाते, पण ऐकणाऱ्याचा निर्णय आधीच झालेला असतो.

२. आरफिड ही संज्ञा या कृतींचा ‘खरा अर्थ’ सांगत नाही. न खाणे म्हणजे इच्छा हे वाचकाचे गृहीतक ती उघडे पाडते. हाच तिचा समीक्षेला होणारा उपयोग आहे.

३. पात्राला वा लेखकाला मरणोत्तर निदान चिकटविणारी समीक्षा कपाळाला बोट लावणाऱ्या त्या देखरेख करणाऱ्याच्याच पंक्तीला बसते. निदानाने ऐकण्याची सुरुवात व्हावी, शेवट होऊ नये.

४. साहित्याच्या वर्गात या कृती शिकविताना हट्ट, तप आणि असमर्थता यांतील भेद स्पष्ट करता येतो. ताटावर बसलेल्या मुलाला ‘का नको?’ असा प्रश्न उत्तर ऐकण्याच्या तयारीने विचारला जावा, एवढी अपेक्षा या वाचनातून व्यक्त करणे वावगे ठरू नये.